रस्त्यापलीकडचा स्विच

औशाची लुबना नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन आली आणि दोन-तीन वर्षांत लातूरच्या बऱ्याच क्लासेसची नेटवर्कं तिच्या हाताखालून गेली. अमृतराव सरांनी बोलावलं तेव्हा मात्र त्यांनी चांगलाच धसका घेतलेला होता. किल्लारीला पत्र्याच्या शेडमध्ये शिकवणी सुरू केलेल्या सरांच्या आता रस्त्याच्या दोन बाजूंना दोन इमारती होत्या, आणि परवा लॅबमधल्या एका मुलीच्या कॉम्प्युटरवर ऑफिसातल्या प्रश्नपत्रिका उघडल्या होत्या. पोरीनं आपणहून येऊन सांगितलं म्हणून निभावलं.

सर रस्ता खोदून ऑफिससाठी वेगळी वायर टाकायला निघाले होते. लुबनानं नको म्हटलं. नव्या इमारतीतलं ऑफिस, लॅब आणि परीक्षेचा सर्व्हर अशी तीन नेटवर्कं ती दोन्ही इमारतींना जोडणाऱ्या त्याच एका वायरीतून, दहा, वीस, तीस असे नंबर देऊन, वेगवेगळी नेणार होती. कुणी कुणाकडे जायचं ते जुन्या इमारतीतला राउटर ठरवणार: लॅबला सर्व्हरपर्यंत वाट, ऑफिसकडे बंदी.

रविवारी सकाळी जुन्या इमारतीत बसून तिनं ऑफिस आणि लॅब सुरळीत चालू केली. राहिला सर्व्हर. त्याचा तीस नंबर तिनं इथूनच, पलीकडच्या स्विचच्या, म्हणजे वायर जिथं वाटली जाते त्या डब्याच्या, कुठले नंबर आत घ्यायचे त्या यादीत टाकला आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. यादीत तीसची भर घालायची, तर तिनं 'फक्त तीस' लिहिलं होतं. ऑफिस तुटलं, लॅब तुटली, तो स्विचही हाताबाहेर गेला. साडेदहा वाजलेले, अकराला परीक्षा.

वायरमन भीमाशंकर म्हणालाच, की एका वायरीवर एवढा लोड चालत न्हाई हे त्यानं आधीच सांगितलं होतं. लुबनाला मात्र काय चुकलं ते नेमकं कळलं होतं.

"वायर चांगली हाय, सर. चूक माझ्या हातून झाली," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या."

लॅपटॉप आणि केबल घेऊन ती रस्ता ओलांडून गेली, स्विचला थेट जोडून तिन्ही नंबर लिहिले. मग लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सरांना बसवलं. सर्व्हर उघडला. ऑफिसचं फोल्डर उघडेना. सरांनी तीनदा करून पाहिलं.

अकराला पेपर सुरू झाला.

"वायरीवर ढकलून मोकळी झाली असतीस," सर म्हणाले. "आपल्या होस्टेलच्या नेटवर्कचं काम पण तूच कर."

"करते. पण भीमाशंकरभाऊंना माझ्यासंगं द्या. मी नसले तर त्यांना जमायला पाहिजे."

भीमाशंकरनं खुर्ची तिच्या लॅपटॉपजवळ ओढली.