टबातलं तपकिरी पाणी

"काळं पडलं! बघा, बघा, काळं पडलं!"

रुग्णालयासमोरच्या पालक-निवासातल्या जेवणघरात वीस-पंचवीस आईबाप एका प्लॅस्टिकच्या टबाभोवती दाटीवाटीने उभे होते. टबात सात वर्षांच्या एका मुलीची पावलं, आणि तळाशी वायरने बॅटरीला जोडलेली एक डबी. पंधरा मिनिटांपूर्वी नितळ असलेलं पाणी पिवळसर, मग तपकिरी झालं होतं आणि वर फेस तरंगत होता. एका आजोबांनी चक्क हात जोडले.

टबवाले सर पांढरा कोट घालून आले होते. कुठले डॉक्टर, हे विचारायची सोय नव्हती. "पिवळं ते औषधांचं विष," ते काडीने दाखवत होते. "तपकिरी ते यकृतातलं. आणि हे काळे कण? आजाराची मुळं! वरून सलाइनने विष भरायचं आणि खालून मी उपसायचं, हे किती दिवस चालणार? एकवीस दिवस वरचं बंद ठेवा. शरीर आपोआप सुधारतं."

मी त्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात मालिश करते. सुया टोचून घेऊन वैतागलेल्या पोरांचे हातपाय हलकेच चोळून देते, तेही डॉक्टरांना विचारून. त्यामुळे हा विषाचा उपसा बघून माझं डोकंच फिरलं. पण भांडत बसायला वेळ नव्हता. टबातल्या मुलीला रक्ताचा कर्करोग होता. सतत काहीतरी विचारायची म्हणून वॉर्डात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. तीन वाजता तिचा डोस होता, आणि 'उपचार नकोत' असं लिहून देण्याचा कागद तिच्या आईच्या हातात होता. अडीच वाजले होते.

"ताई, सही करू नका," मी म्हणाले.

"का नको? पाच दिवस टब घेतला, पोर जेवायला लागली, हसायला लागली. तुमच्या डोसने काय दिलं? उलट्या आणि तोंडभर फोड!"

"रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून डॉक्टरांनीच आठवडाभर डोस थांबवला होता. त्या सुट्टीत भूक परत आली. आज पेशी ठीक आहेत. पण आजार दबा धरून बसलाय, ताई. आता थांबलात तर तो पुन्हा डोकं वर काढेल."

"मालिशवाल्या बाईंचं गिऱ्हाईक तुटेल ना!" सर म्हणाले. लोक हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात प्रश्नपत्रिकेने काखेतली बाहुली पुढे केली. बाहुलीचे केस तिने स्वतःच कापले होते, औषधाने केस गेलेल्या आपल्यासारखी ती दिसावी म्हणून. "सर, हिचं पण विष काढा ना."

"बाळा, बाहुलीत कुठलं विष?"

"मग हिचं पाणी स्वच्छच राहील?"

सरांनी काडी खाली ठेवली. "राहील की. पण हे यंत्र म्हणजे खेळणं नाही. चला, आजची वेळ संपली."

ते बॅटरीची वायर काढायला वाकले, तशी आईने टबाची कड धरली. "लावा," ती म्हणाली. "राहील म्हणालात ना? लावा."

मुलीने पाय बाहेर घेतले; आजोबांनी टब रिकामा करून ताज्या पाण्याची बादली आणून ओतली. सर टाकत तेवढंच मीठ मी टाकलं. बाहुलीचे पाय पाण्यात गेले, बटण दाबलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. काहीच होईना. सरांना हसू फुटलं. पावणेतीन वाजले. आईने पेनाचं टोपण काढलं.

मग पाण्यात एक पिवळी रेघ सुटली. तिच्यामागून दुसरी. बघता बघता तपकिरी पाणी, फेस, काळे कण, सगळं हजर.

"बाहुलीला पण कॅन्सर झालाय?" मुलीने विचारलं.

मी बटण बंद करून तळाची डबी उचलली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, कडा कुरतडलेल्या. सरांच्या पिशवीत तशाच कोऱ्या पट्ट्यांची चळत निघाली. "मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की ते झपाट्याने गंजतं," मी म्हणाले. "हे विष नाही, गंज आहे. पाय घाला, बाहुली घाला, नाहीतर काहीच घालू नका."

सर कोट सावरत दाराकडे सरकले. आजोबांनी दार अडवलं. "थांबा की. आम्हाला अजून पुष्कळ विचारायचंय."

आई मटकन बाकावर बसली. "मी सही करणार होते हो," ती पुटपुटली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुमच्या तेलाने तरी बरी होईल ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! टबवाल्यानेही असंच कधीतरी पहिलं 'हो' म्हटलं असेल.

"नाही," मी म्हणाले. "तेलाने तिला झोप लागेल, जरा बरं वाटेल. आजार जाईल तो औषधानेच. हमी कुणी देणार नाही, पण तिची खरी आशा तिथेच आहे."

तिने कागद फाडला, पोरीला कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडून धावत सुटली. तीनला दोन मिनिटं कमी असताना दोघी वॉर्डात पोहोचल्या.

आईबापांनो, मुलासाठी गाणी लावा, चित्रं काढा, मालिश करून घ्या. डॉक्टरांना विचारून, त्याला बरं वाटेल ते सगळं करा. पण कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर त्याला म्हणा, आधी माझ्या मुलाला बाजूला ठेवून तुझा चमत्कार दाखव. मुलाशिवायही तो चमत्कार होत असेल, तर त्याचा तुमच्या मुलाशी काहीही संबंध नाही.