न जळणारी बॅटरी

आमच्या ह्यांना फ्लेक्सवर कमी लिहिताच येत नाही. हे म्हणजे गोरक्ष फ्लेक्सवाले, कोल्हारात सगळे ओळखतात. वाढदिवस असलेल्या पोराला ते भावी आमदार करतात आणि चहाची टपरी टाकणाऱ्याला उद्योगसम्राट. गावाचं सगळं मोठेपण आमच्याच मशीनमधून निघतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. भाचीच्या वेळी मात्र वाटलं.

रेश्मा ह्यांच्या बहिणीची मुलगी. आजोळीच वाढली, माझ्या सासऱ्यांच्या, श्रीमंतआण्णांच्या मांडीवर. पुण्यात बॅटरीवर काम करून तिला डॉक्टरेट मिळाली आणि गावानं देवळासमोर सत्कार ठरवला. फ्लेक्सवर काय टाकू, म्हणून ह्यांनी तिला फोन केला. ती म्हणाली, "मामा, आग लागायचा धोका कमी करणाऱ्या बॅटरीवर संशोधन, एवढंच टाका."

ह्यांनी टाकलं, ‘न जळणाऱ्या बॅटरीची जनक’.

"अहो, असं म्हणाली का ती?" मी विचारलं.

"कमीबिमी लिहिलं की माणूसच कमी वाटतो," म्हणे. मी कपाळाला हात लावला. ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

फ्लेक्स चौकात लागला. आण्णा रोज जाऊन वाचून यायचे. मग एक दिवस त्यांनी आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी ओट्यावरून आत आणली, खाटेखाली सारली आणि तिथंच चार्जिंगला लावली.

"आण्णा, गादीखाली काय लावता ती?"

"आता भ्यायचं काम न्हाई. पोरीनं शोध लावलाय, बोर्डावर लिवलंय."

"अहो, ही तिची बॅटरी नाही. ही शोरूममधून आणलीय."

"बॅटरी ती बॅटरी," आण्णा म्हणाले आणि गल्लीभर तेच सांगत सुटले. मी बॅटरी बाहेर ठेवली की ते परत आत आणत. शेजारच्या बनुबाईनं तर लेकाच्या गाडीची बॅटरी नातवंडं झोपतात त्या खोलीत लावायला सुरुवात केली. सांगून पाहिलं, पण आण्णांच्या शब्दापुढं माझं कोण ऐकतंय?

सत्काराच्या सकाळी रेश्मा आली. आण्णा आधीच मंडपात जाऊन बसले होते. खाटेखालची वायर बघून पोरीचा चेहराच उतरला. तिनं आधी प्लग काढला, मग मला विचारून विचारून सगळं काढून घेतलं.

"मामी, ह्या बॅटरीत एक पातळ द्रव असतो. लिथियमची ये-जा त्यातून होते, आणि तोच पेट घेतो. मी त्याच्या जागी पातळ पापुद्रा केलाय. प्लास्टिकसारखा लगदा आणि त्यात सिरॅमिकची भुकटी. नुसता लगदा लिथियमला नीट जाऊ देत नाही, नुसतं सिरॅमिक तडकतं. तिळाच्या लाडवासारखं आहे. नुसता गूळ ओघळतो, नुसते तीळ सांडतात, दोन्ही मिळून धरतं."

"मग झालं की," हे म्हणाले.

"झालं ते बटणाएवढ्या बॅटरीत, मामा. गाडीत यायला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही. आणि ती कधीच जळणार नाही असं तेव्हाही मी म्हणणार नाही."

"बरं, पण आज बोलू नकोस. म्हातारा गावभर सांगत फिरलाय, तोंडघशी पडेल."

रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. आण्णांवर तिचा किती जीव, ते मला ठाऊक होतं. मलाही म्हाताऱ्याची कीव येत होती. पण मी एवढंच म्हटलं, "बनुबाईची नातवंडं त्या खोलीत झोपतात."

मंडपात शाल झाली, नारळ झाला. रेश्मा माईकपाशी गेली. "माझ्या मागचा फ्लेक्स चुकीचा आहे," ती म्हणाली. "न जळणारी बॅटरी मी केलेली नाही. माझं काम अजून अर्धवट आहे. तुमच्या बॅटऱ्या जुन्याच आहेत, त्या पेटू शकतात. कृपा करून घराबाहेर चार्ज करा."

पहिल्या रांगेतले आण्णा उठले, टोपी नीट केली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले. रेश्मा माईक धरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच घर फोडलं. मी आण्णांच्या मागं धावले. म्हाताऱ्याच्या जिवाला लागलं असेल, कुठं जाऊन बसतील, नाही नाही ते मनात येत होतं.

आण्णा बनुबाईच्या दारात उभे होते.

"बनुबाय, ती बॅटरी भायेर काढ आधी."

"आवं, तुमीच म्हनला हुता ना, जळत न्हाई म्हनून?"

"मला काय कळतंय? अडानी मानूस मी. आमची रेश्मा म्हनती, तिला अजून जमल्यालं न्हाई." आण्णांनी छाती काढली. "शाल अंगावर आसताना, भर सभंत म्हनली. हाय का दुसऱ्या कुनाची टाप?"

बनुबाई वायर काढायला आत गेली. ती बॅटरी ओट्यावर आणेपर्यंत आण्णा थांबले, आणि मग त्यांनी पुढच्या घराची कडी वाजवली.