भिंतीतला पारवा

"वाहरू, कान लाव आठे. बोली ऱ्हायनं ना कोनी मझार?"

वाहरूनं भिंतीला कान लावला आणि चटका बसल्यासारखा मागे सरला. भर दुपारी, चुन्यानं गुळगुळीत केलेल्या त्या बंद भिंतीच्या आत पारवा घुमत होता. घुटर्र घूं, घुटर्र घूं.

विचारणाऱ्या झिपरू गवंड्यानं पुन्हा स्वतः कान लावला. म्हसावदचा हा पाद्रीसाहेबांचा दवाखाना त्यानंच उभारला होता. त्याची बायको धनुबाई डोक्यावर चुन्याचं घमेलं घेऊन त्याच्या हाताखाली राबली होती. मग मानमोडीची साथ आली आणि हां हां म्हणता तिला घेऊन गेली. अस्थींचं गाडगं घरात आणायचं नसतं, झाडाला टांगतात. पण त्या साली गावच्या पिंपळावर जागाच उरली नव्हती, फांदीफांदीला गाडगी! म्हणून झिपरूनं ते भिंतीतल्या एका रिकाम्या भोकात खोल सरकवून ठेवलं. परांचीच्या बल्ल्या रोवायला गवंडी अशी भोकं ठेवतात आणि काम संपलं की बुजवतात. तोवर आपण प्रकाशा गावी जाऊन तिला तापी नदीत सोडू, असा त्याचा हिशेब. पण तापानं त्यालाच आडवं पाडलं. उठून येतो तर काय, भिंत कोरी!

"दादा, तूच सांगेल व्हतं, परांची उतारी का भोके बुजी टाक," पहाडातून मजुरीला आलेला वाहरू रडकुंडीला आला. "भोकना अंधारामा माले काय दिसस?"

"तुन्हा काय दोष रे भाऊ. पन ती घुसमटी ऱ्हायनी ना!"

बोलणं ऐकून पाद्रीसाहेब बाहेर आले. सगळं ऐकून घेतल्यावर ते आपल्या पुस्तकी मराठीत हळूच म्हणाले, "झिपरू, आमच्या जुन्या लॅटिन भाषेत कबुतराच्या नावावरून एक शब्द आहे, कोलुंबारियम. कबुतरांचे खुराडे म्हणजे तेच, भिंतीतली ही भोकेही तेच, आणि मृतांची राख ठेवायचा कोनाडाही तेच. तिकडे लोक मुद्दाम ठेवत असत. राहू दे तिला इथे."

"तुमना मुलखमा व्हई तसं, साहेब. आमनं मानूस तापीमायकडे जास. माले भित फोडू द्या. मी फुकट बांधी दिसू."

साहेबांनी होकाराची मान हलवली.

पण फोडायची कुठं? घुमणं तर सगळ्या भिंतीतून येत होतं. झिपरू शिडीवर चढून तळहातानं भिंत चाचपू लागला. सावलीतली ती भिंत गार होती, आणि एका जागी मात्र तापल्या कपाळासारखी कढत लागली. हात टेकताच घुमणं थांबलं. त्यानं तिथंच छिन्नी मारली.

वीट निघाली. आत पारवा नव्हता, पीससुद्धा नव्हतं. ठेवलं होतं तसंच गाडगं होतं, आणि त्यात अस्थींवर एक पांढरं अंडं. कोमट. वाहरूनं ते पाहिलं आणि जी धूम ठोकली ती थेट गावापर्यंत.

झिपरू मात्र शिडीवरच ढसाढसा रडला. मूल नाही म्हणून धनुबाई जन्मभर झुरली होती. त्यानं एकेक अस्थी अलगद काढून उपरण्यात बांधली. अंडं गाडग्यातच ठेवलं आणि गाडगं भोकात.

"साहेब, हाई एक भोक उघडं ऱ्हाऊ द्या."

तो प्रकाशाच्या वाटेला लागला तेव्हा मागे पुन्हा घुमणं सुरू झालं. झिपरू थबकला, पण वळला नाही. त्यानं उपरण्याची गाठ छातीशी घट्ट धरली.

"चाल व धनू," तो म्हणाला. "त्याले ऱ्हाऊ दे आठे."