दारावर कोण होतं?

दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या सासूबाई यांचं एरवी छान जमायचं. बिनसलं ते एका कादंबरीवरून. तीनशे पानं नायिका बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते, शेवटच्या ओळीत दारावर थाप पडते आणि कादंबरी संपते. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, नवराच आला. सासूबाई म्हणत, "बारा वर्षं साधं पत्र नाही, तो कसला येतोय? पोस्टमन असणार."

आठवडाभर जेवताना हाच विषय. डॉक्टरीणबाईंचा नवरा एकदा म्हणाला, "शेजारीण असेल, साखर मागायला." दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे त्याने तोंड उघडलं ते घासापुरतंच.

सोमवारी गाल धरून एक पेशंट दवाखान्यात आला. पुस्तकाच्या मागे फोटो होता तोच माणूस, फक्त एका बाजूने सुजलेला. डॉक्टरीणबाईंनी दाढ पाहिली, इंजेक्शन दिलं आणि बधिरता येईपर्यंत शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"थाप कोणी मारली?"

"कशली थाप?"

"शेवटच्या पानावरची."

लेखकाने जड जिभेनं सांगितलं, "ते वाशकानं ठलवायचं."

"ठरवलंय. घरात दोन वाचक आहेत आणि दोघींचा अबोला व्हायची वेळ आलीय. तुम्हीच सांगून टाका."

बोलता बोलता त्यांनी पक्कड उचलली. ती दाढ काढायलाच उचलली होती, पण लेखकाचा गैरसमज झाला.

"नवला," तो घाईघाईने म्हणाला. "नवलाच होता."

दाढ निघाली. जाताना तो दाराशी घुटमळला. "खलं शांगू? मलाही माहीत नाही. थाप पलली आणि पुढे लिहायचा धील झाला नाही."

घरी पोचताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, नवराच होता. लेखक स्वतः म्हणाला."

"दाढ काढायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग काय उपयोग? पक्कड दाखवलीस तर मीसुद्धा नवराच म्हणेन."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याचं दाराशी बोललेलंही सांगून टाकलं. 

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा कधी यायचाय तो?"

"पुढच्या सोमवारी, टाके काढायला."

"मग मीही येते. कोणीतरी सांगायला हवं त्याला, दारावर कोण होतं ते."