साधा दिवा

आमच्या ह्यांच्या छातीतली गाठ बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पण तिनं श्वासाची वाट अडवली होती, ती मोकळी करता येणार होती. आधी शिरेतून औषध द्यायचं, मग घशातून नळी घालून आत लाल उजेड सोडायचा, की वाट अडवणारा भाग मरतो. "निदान श्वास तरी सुखाचा होईल," डॉक्टर म्हणाले. फक्त औषध अंगात आहे तोवर ऊन वर्ज्य, नाहीतर कातडी भाजेल.

वर्ज्य म्हणजे वर्ज्य! ते सगळं झालं, आणि ह्यांना घरी आणल्यावर मी खिडक्यांवर जाड चादरी ठोकल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, खोलीतला बल्बसुद्धा काढून ठेवला. लेक म्हणाली, "आई, अगं अति होतंय." मी म्हटलं, "तू गप्प बस, शहाणे!"

आणि काय सांगू, त्या अंधारात फार सुख होतं. दोन शब्दांत धाप लागणारा माझा माणूस आता तासन्‌तास बोलत होता. आवाज अगदी लग्नाच्या वेळचा, खट्याळ. "तुझं तोंड दिसत नाही तेच बरंय," म्हणायचे, मी कोपर मारायची. "औषध उतरलं की एकदा गॅलरीत उन्हात बसू," म्हणायचे. दिवस की रात्र, कळायचं नाही. खोली सुटून अलगद कुठेतरी तरंगत चाललीय असं वाटायचं. हे बरे झालेत, असंच मी धरून चालले.

मग दवाखान्यातून नर्सबाई तपासायला आल्या, दारातच ठेचकाळल्या आणि मला फैलावर घेतलं. "अहो ताई, ऊन नको म्हटलं होतं, उजेड नको असं नाही! घरातल्या साध्या दिव्यानंच ते औषध कातडीतून हळूहळू उतरतं. असं कोंडून ठेवलंत तर यांना ऊन कधी मिळायचं?"

बल्ब हातात घेतला, पण हात वर जाईना. उजेडात काय दिसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"लाव गं," हे म्हणाले.

लावला. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. आवाज तेवढा परत आला होता, बाकी हे निघालेच होते. मला हुंदका आवरेना.

हे मात्र माझ्याकडेच बघत राहिले. चेहरा पडला त्यांचा.

"अगं, किती वाळलीस तू! जेवतेस की नाही?"