ओट्याचं सारवण

"डॉक्टर मॅडम, ऋतिकच्या गुडघ्यातल्या पूचा वास कसा होता?"

विचारलं बाई एकदाचं! वर्गातल्या रोशनी आणि मेघानं पैजच लावली होती, "एवढं विचारून दाखव, नाईतर तू भित्री." आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिथंच ओकले.

ऋतिक माझा धाकटा भाऊ. आईची एक किडनी आता त्याच्या पोटात आहे. शरीरानं ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी गोळ्या देऊन त्याची प्रतिकारशक्ती कमी ठेवलीय. त्यात गुडघ्यावर हे लिंबाएवढं गळू. पट्टी बदलताना मी पाहिलं. शी! पिवळं, घट्ट, दाबलं की पिचकन बाहेर. त्या दिवशी डब्यातलं पोळीसोबतचं पिवळं बेसन मी कुत्र्याला घातलं.

मॅडम हसल्या नाहीत. "पूला फारसा नव्हता. पण लॅबमध्ये त्यातले जंतू वाढवले, तर बशीला ओल्या मातीसारखा वास आला. नोकार्डिया म्हणतात, क्वचितच दिसतो. मातीत, शेणखतात, सडक्या भुसा-कुटारात असतो. आपल्याला सहसा काही करत नाही. याला मात्र पुन्हा झाला आणि फुप्फुसात गेला, तर जिवावर बेतेल. हा खेळतो कुठे?"

मला पवनारच्या आमच्या घरापुढचा ओटा आठवला. किडनी बसवून ऋतिक घरी येणार म्हणून, स्वतःचे टाके ओले असताना, आईनं तो वाकून शेणानं सारवला होता. स्वच्छ व्हावा म्हणून! तिथंच तो खरचटलेला गुडघा टेकून गोट्या खेळायचा. सारवणाचे पोपडे नखांत. याक!

मी सगळं सांगितलं. "तिथूनच आला असं छातीठोक सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या, "पण सारवण बंद करा."

"शेणानं कुठं रोग होते?" आई पुटपुटली.

ऋतिकला दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळणार होती. त्याच्याजवळ अन्नपूर्णा मावशी थांबली. संध्याकाळी घरी पोचलो, तर आई लगेच घमेल्यात शेण कालवायला बसली. लेकरू येणार, त्यात पोळा तोंडावर! हिरवं, लिबलिबीत, बोटांच्या फटींतून वर येणारं. मी घमेलं उचललं आणि मागच्या उकिरड्यावर उपडं केलं. हात कोपरापर्यंत बरबटले. शी, शी, शी!

"काऊन फेकलं वं?" आई ओरडली. बाबाही बाहेर आले.

"आई, तुही किडनी हाय त्याच्यात! दोघंही ऐका. या ओट्याले आता शेण लागणार नाई. रोज ओल्या फडक्यानं मी पुसीन. अन् पोळ्याले ओटा सारवला नाई म्हणून कोणी तोंड वाकडं केलं, तर ऋतिकच्या गुडघ्यातून काय निघालं, ते मी त्याले जेवता जेवता सांगीन."