हुशार पोरीचं टाचण

सावळीराम गुरुजींनी नाशिकच्या शाळेचा दाखला दोनदा वाचला, विमलचं नाव तिसरीच्या यादीत लिहिलं आणि चष्मा काढून समोर उभ्या असलेल्या तिच्या आईकडे पाहिलं.

"म्हणजे लंके, तुझी लेकही माझ्याच हाताखाली आली म्हणायची."

लंका हसली. नवरा एस.टी.त ड्रायव्हर, बिऱ्हाड नाशिकला. पण वडिलांनी अंथरूण धरल्यापासून ती लेकीला घेऊन माहेरी राहायला आली होती. चांदवडपासून दोन कोसांवरच्या या गावात शहाऐंशी साल उजाडलं तरी शाळा एकशिक्षकीच होती. एक खोली, पुढे ओटा, चार वर्ग आणि गुरुजी.

"तुझ्या वेळची पोरं विसरता येत नाहीत बघ," गुरुजी म्हणाले. "पुंजा आठवतो? शेळ्या सोडून यायला त्याला बारा वाजायचे. त्याच्यासाठी मी चौथीचं गणित दुपारी ठेवलं. लहानू बोलताना अडखळायचा, म्हणून त्याला पाढे गायला लावले. गाताना एकदाही अडला नाही गडी."

बाकीच्या शाळांतले शिक्षक वर्गाप्रमाणे टाचण काढत. गुरुजी मुलांप्रमाणे काढायचे. उद्याच्या पाठात कुणाला काय जड जाईल, कुणाला कुठे बसवायचं, सगळं आदल्या संध्याकाळी वहीत लिहिलेलं असे. विस्तार अधिकाऱ्यांनी ती वही एकदा तालुक्याच्या सभेत फिरवली होती.

"आणि तू! पहिलीचा वर्ग तूच सांभाळायचीस. तू होतीस म्हणून मला या दोघांकडे बघता आलं. अजून सांगतो मी लोकांना."

लंकाने विमलला पाणी प्यायला हापशावर पाठवलं. ती लांब गेली तशी म्हणाली,

"गुरुजी, एक सांगायचं व्हतं. हिलाबी लवकर येतं. पण हिला पहिलीच्या पोरांपुढं बसवू नका."

"का गं? दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं."

"जे येतंय तेच पक्कं व्हतं ना."

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"स्कॉलरशिपच्या पेपरात अपूर्णांक आले व्हते," लंका खालच्या आवाजात म्हणाली. "वर एक आकडा, खाली एक, मधी रेघ. मी ते तिथंच पहिल्यांदा पाहिले. तुम्ही चौथीला शिकवले तवा मी ओट्यावर व्हते, पहिलीचं ग म भ न गिरवून घेत."

"मग मला विचारायचं नाही का?"

"तुम्ही सगळ्यांना म्हणायचे, लंकाला काही सांगावं लागत नाय."

ती तक्रार करत नव्हती. जुनी गोष्ट सांगावी तशी सांगत होती. गुरुजींना बाहत्तर सालचा तो निकाल आठवला. पुंजा पास झाला होता. लंका नापास कशी, म्हणून तिचे वडील शाळेत आले, तेव्हा गुरुजींनीच त्यांना सांगितलं होतं, पोरगी परीक्षेत घाबरली. पाचवीचा वर्ग चांदवडला होता. घाबरट पोरीला एवढ्या लांब कशाला धाडायची, असं वडील म्हणाले आणि तिची शाळा सुटली.

"मी घाबरले नव्हते, गुरुजी," लंका म्हणाली. "एवढंच."

मग ती वाकून पाया पडली आणि घरी गेली.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी कपाटातून त्या सालची टाचणवही काढली. पुंजासाठी अर्धं अर्धं पान भरलेलं होतं. लहानूसाठीही. लंकाचं नाव रोज होतं आणि त्यापुढे रोज एकच ओळ : 'पहिली घेईल.' त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. मग चालू वही उघडून विमलचं नाव लिहिलं. मागं पडणाऱ्या पोरासाठी काय करायचं हे त्यांना पटकन सुचायचं; या नावापुढे काय लिहावं ते मात्र उन्हं उतरेपर्यंत सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी विमलची गणितं सगळ्यांच्या आधी झाली. ओट्यावर पहिलीची पोरं पेन्सिलीवरून भांडत होती. नाशिकच्या शाळेत आपलं झालं की तिला लहान पोरांकडे बघायला पाठवत; त्या सवयीनं ती उठली आणि त्यांच्याकडे निघाली.

"विमल, जागेवर बस," गुरुजी म्हणाले.

त्यांनी तिच्या पाटीवर एक नवं गणित घातलं आणि स्वतः ओट्यावर गेले. मधूनमधून ते आत डोकावत होते. विमल लिहीत होती, पुसत होती, परत लिहीत होती. तिसऱ्यांदा पुसल्यावर तिनं पाटी उचलून छातीशी धरली. तिचे कान लाल झाले होते.

"गुरुजी," ती कशीबशी म्हणाली, "हे मला येत नाही."

गुरुजी आत आले. मागे ओट्यावर पोरांनी पुन्हा गलका केला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले.